माइक बार्टलेट बसवायचा तर आधी कानाने वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या हौशी संस्थेला माइक बार्टलेट या ब्रिटिश नाटककाराची ‘कॉन्ट्रॅक्शन्स’ आणि ‘बुल’ ही दोन छोटी नाटकं मराठीत करायची आहेत. वाचन झालं आणि संस्थेत दोन तट पडले. काहींना दोन्ही नाटकं विनोदी वाटली आणि ती तशीच खेळावीत असं त्यांचं म्हणणं. काहींच्या मते यात हसण्यासारखं काही नाही, हा निव्वळ छळ आहे. ‘कॉन्ट्रॅक्शन्स’ आधी रेडिओवर झालं होतं हे कळल्यावर आणखी एक वाद निघाला: श्राव्य स्वरूपात करावं की मंचावर, आणि मंचावर केलं तर ऑफिस किती उभं करायचं?

नभोनाट्य आणि प्रायोगिक रंगमंच अशा दोन्हीकडे मी बरीच वर्षं काम करते आहे. माझ्या मते हे दोन वाद मुळात एकच आहेत. या नाटकांत हसू कुठून येतं हे उलगडलं की ऑफिस किती दाखवायचं याचं उत्तर त्यातच मिळतं. बार्टलेट रंगमंचासाठी लिहितानाही रेडिओच्या पद्धतीने लिहितो. जे घडायचं ते बोलण्यात घडतं, उरलेलं प्रेक्षकाने स्वतःच्या डोक्यात उभं करायचं. त्याचा विनोद आणि त्याची भीती दोन्ही त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत राहतात. ती जागा तुम्ही टेबलं, फायली, लॅपटॉप आणि पार्श्वसंगीताने भरलीत, तर विनोदही जाईल आणि भीतीही.

थोडी पार्श्वभूमी सांगते. बार्टलेटचा जन्म १९८० चा. लीड्स विद्यापीठात शिकून तो लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरच्या तरुण लेखकांसाठी असलेल्या उपक्रमातून पुढे आला. २००७ साली त्याचं ‘माय चाइल्ड’ रॉयल कोर्टला झालं. त्याच वर्षी बीबीसीच्या रेडिओ ३ वर ‘नॉट टॉकिंग’ आणि रेडिओ ४ वर ‘लव्ह कॉन्ट्रॅक्ट’ प्रसारित झालं. म्हणजे रंगमंचावर नाव झालं आणि मग रेडिओने बोलावलं असा हा क्रम नाही, दोन्ही माध्यमं तो एकदमच शिकत होता. ‘नॉट टॉकिंग’ला इमिसन आणि टिनिसवुड हे दोन्ही पुरस्कार मिळाले. पहिला रेडिओसाठी नव्याने लिहू लागलेल्या लेखकाला देतात, दुसरा उत्कृष्ट रेडिओसंहितेला. पुढे ‘डॉक्टर फॉस्टर’ या दूरचित्रवाणी मालिकेने त्याचं नाव घरोघरी पोचलं, पण आपल्याला आज लागणारा बार्टलेट या सुरुवातीच्या काही वर्षांतला आहे.

ब्रिटनमध्ये रेडिओनाटक हे रंगमंचाचं धाकटं भावंड कधीच नव्हतं. सॅम्युएल बेकेटचं ‘ऑल दॅट फॉल’ १९५७ साली बीबीसीच्या थर्ड प्रोग्राम या रेडिओवाहिनीवर झालं. जो ऑर्टनचं ‘द रफियन ऑन द स्टेअर’ १९६४ साली तिथेच. या परंपरेतलं तुम्ही अभ्यासायलाच हवं असं नाटक मात्र हॅरॉल्ड पिंटरचं ‘अ स्लाइट एक’ हे आहे, १९५९ सालचं. एडवर्ड आणि फ्लोरा हे मध्यमवयीन जोडपं फाटकाशी उभ्या असलेल्या काडेपेटीवाल्या म्हाताऱ्याला घरात बोलावतं. दोघंही त्याच्याशी बोलत राहतात, त्याच्यासमोर आपलं सगळं उघडं करतात आणि तो नाटक संपेपर्यंत एक शब्दही बोलत नाही. रेडिओवर ऐकणाऱ्याला हळूहळू शंका येऊ लागते की हा माणूस तिथे आहे तरी का. हेच नाटक मंचावर आलं तेव्हा तिथे एक नट उभा करावा लागला. तो दिसला की ती शंका संपते. मंचावरही ते नाटक चांगलं होतं, पण ते वेगळं नाटक होतं.

आता ‘कॉन्ट्रॅक्शन्स’कडे या. ‘लव्ह कॉन्ट्रॅक्ट’ या रेडिओनाटकाचं हे मंचीय रूप. २००८ साली रॉयल कोर्टने लिंडसी टर्नर हिच्या दिग्दर्शनात ते केलं. व्यवस्थापिकेच्या भूमिकेत ज्युलिया डेव्हिस होती, एमाच्या भूमिकेत ॲना मेडली. ज्युलिया डेव्हिस ही ‘नायटी नाइट’सारखी अतिशय काळी विनोदी मालिका स्वतः लिहून स्वतः त्यात काम करणारी अभिनेत्री. व्यवस्थापिकेसाठी हिची निवड झाली, यातच तुमच्या पहिल्या वादाचं अर्धं उत्तर आहे. विनोदाची पक्की जाण असलेली, पण विनोद करते आहे असं एकदाही न दाखवणारी नटी इथे हवी.

नाटकात दोनच पात्रं, एकच खोली आणि एकामागून एक छोट्या छोट्या भेटी. व्यवस्थापिका एमाला बोलावते आणि तिच्या नोकरीच्या करारातलं एक कलम वाचायला लावते. कलम असं की कंपनीतल्या कोणाशी प्रेमाचे किंवा शारीरिक स्वरूपाचे संबंध जुळले तर ते कंपनीला कळवायचे. इथवर अजब काही नाही. अमेरिकेतल्या काही कंपन्या असे करार कर्मचाऱ्यांकडून खरोखरच लिहून घेतात. मग व्यवस्थापिका विचारते, ‘प्रेमाचे’ म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा. एमा सांगते. मग ‘शारीरिक’ म्हणजे काय. पुढच्या भेटींत डॅरन नावाच्या सहकाऱ्याशी तिचं काय चाललं आहे याची चौकशी सुरू होते. दोघांना वेगवेगळं विचारलं जातं, उत्तरं ताडून पाहिली जातात. हे नातं साधारण किती काळ टिकेल असा अंदाज मागितला जातो. डॅरनची बदली कीव्हला होते. एमाला मूल होतं. मूल दगावतं. आणि मूल दगावल्याचा पुरावा कंपनीला हवा असतो.

या पुराव्यासाठी एमाला काय करावं लागतं ते तुम्ही वाचलंच आहे. पुरलेलं मूल तिला उकरून आणावं लागतं. तुमच्यातल्या ज्यांना हे नाटक असह्य वाटलं त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही पहिल्या तीन-चार भेटींत प्रेक्षक खळखळून हसायलाच हवेत. ते हसले नाहीत तर पुढचं सगळं केवळ क्रूर वाटेल आणि लोक मनातून दार लावून घेतील.

हसू येतं कुठून? व्यवस्थापिका एकदाही खोटं बोलत नाही, आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. ती कागदावर लिहिलेलं शब्दशः खरं मानते, एवढंच. आणि एमा हुशार असल्यामुळे शब्दांवर वाद घालते. ‘हे प्रेम नव्हतं, नुसतं जेवायला गेलो होतो,’ अशा थाटाचा युक्तिवाद करते. युक्तिवाद कधी जिंकतेही. पण प्रत्येक युक्तिवादाबरोबर तिने एक गोष्ट मान्य केलेली असते: हा प्रश्न विचारायचा अधिकार कंपनीला आहे. तिची जीत हीच पुढच्या भेटीतली तिची हार. प्रेक्षकाला आधी हे गमतीदार वाटतं, कारण नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी असा निरर्थक अर्ज गंभीर चेहऱ्याने भरलेला असतो. मग त्याच आवाजात, त्याच सौजन्याने, त्याच वाक्यरचनेत मुलाविषयी विचारणा होते. भाषा तसूभरही बदललेली नसते, फक्त विषय बदललेला असतो. आधीचं हसू प्रेक्षकाच्या घशात अडकतं ते इथे.

म्हणून व्यवस्थापिका करणाऱ्या नटीला माझा सल्ला असा की पहिल्या भेटीत ठरवलेला सूर शेवटच्या भेटीपर्यंत सोडू नये. तिला या मुलीची खरोखर काळजी वाटते असं समजून काम करावं. ती दुष्ट आहे हे पहिल्याच प्रवेशात दाखवलं की खेळ तिथेच संपला. प्रेक्षक लगेच एमाच्या बाजूला जाऊन निर्धास्त बसतो. त्याला निर्धास्त बसू द्यायचं नाही. काही क्षण तरी त्याला व्यवस्थापिकेचं पटायला हवं. एमा करणाऱ्या नटीचं काम याहून अवघड आहे. सहानुभूती मिळेल अशा जागा या भूमिकेत पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या टाळायच्या आहेत. एमा रडून मागत नाही, ती वाटाघाटी करते. वाटाघाटी करता करता तिच्याकडचं एकेक निसटत जातं.

आता वस्तू दाखवण्याचा प्रश्न. एडवर्ड बाँडचं ‘सेव्ह्ड’ १९६५ साली याच रॉयल कोर्टमध्ये झालं. त्यात बागेत तरुणांचं टोळकं बाबागाडीतल्या बाळाला दगडांनी ठेचून मारतं. ते मंचावर घडतं आणि तसंच घडायला हवं, कारण त्या नाटकाचं म्हणणं हिंसेच्या उघडेपणाविषयी आहे. बार्टलेटचं म्हणणं नेमकं उलट्या दिशेचं आहे. इथे हिंसा फाइलमधून होते, म्हणून ती दिसत नाही. त्या प्रसंगात एमा जे घेऊन येते त्यावर प्रकाश टाकू नका, ते उघडून दाखवू नका, संगीत वाजवू नका. व्यवस्थापिका बघते आणि नोंद करते. प्रेक्षकाने फक्त तिचं बघणं बघायचं. रेडिओवर हे फुकट मिळतं, मंचावर ते प्रयत्नाने राखावं लागतं.

डॅरनचंही तेच. तो कधीच येत नाही. पिंटरच्या काडेपेटीवाल्यासारखा हा आपल्या मनात घडत जाणारा माणूस, फरक इतकाच की आपण त्याला फक्त अहवालांतून ओळखतो. तुमच्या चर्चेत कोणीतरी डॅरनची सावली किंवा छायाचित्र दाखवायची कल्पना मांडेल. ती मोडून काढा. त्याच्याविषयीचं आपलं सगळं ज्ञान कंपनीमार्फत येतं, यात या नाटकाची अर्धी भीती आहे.

बार्टलेटला रेडिओने काय शिकवलं हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते ‘कॉक’ या नाटकात. नोव्हेंबर २००९, रॉयल कोर्टचं वरच्या मजल्यावरचं छोटं नाट्यगृह, दिग्दर्शक जेम्स मॅक्डोनाल्ड. बेन व्हिशॉ, अँड्र्यू स्कॉट, कॅथरीन पार्किन्सन आणि पॉल जेसन असे चारच नट. जॉन नावाच्या तरुणाला आपला पुरुष जोडीदार आणि नव्याने भेटलेली स्त्री यांतून एक निवडता येत नाही, एवढीच गोष्ट. संहितेतच सूचना आहे की नेपथ्य नाही, वस्तू नाहीत, फर्निचर नाही आणि मूकाभिनयही नाही. जेवणाच्या प्रसंगात ताटं नाहीत, आणि नसलेल्या ताटातून जेवल्याचा अभिनयही नाही. मिरियम ब्यूथरने कोंबड्यांच्या झुंजीच्या आखाड्यासारखी गोल बैठक केली होती. जॉन आणि ती स्त्री पहिल्यांदा जवळ येतात तो प्रसंग दोघांनी पूर्ण कपड्यांत, एकमेकांना हातही न लावता, एकमेकांभोवती फिरत केला. ऐकणाऱ्याला सगळं कळत होतं. हा सरळ रेडिओचा प्रवेश आहे, फक्त नट डोळ्यांसमोर होते. त्यातली गंमत आणि संकोच दोन्ही इतकी तीव्र होती, कारण डोळ्यांना दुसरं काम नव्हतं.

‘बुल’ हे या ‘कॉक’चं जोडनाटक. तुमचा श्राव्य प्रयोगाचा विचार मी इथे मात्र खोडून काढीन. ‘बुल’ २०१३ साली शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहाच्या स्टुडिओत क्लेअर लिझमोरने केलं, पुढे २०१५ मध्ये ते लंडनच्या यंग विक नाट्यगृहात आलं. तासाभराच्या आतलं नाटक. थॉमस, टोनी आणि इसोबेल या तिघांपैकी एकाची नोकरी आज जाणार आहे आणि साहेब कार्टर येईपर्यंत तिघं वाट बघत आहेत. टोनी आणि इसोबेल ठरवून थॉमसला पोखरतात: चेहऱ्याला काहीतरी लागलंय, सूट हाच घातलास का, बैठकीला आकडे आणायचे होते ते माहीत नव्हतं का. मंच मुष्टियुद्धाच्या रिंगणासारखा होता आणि काही प्रेक्षक त्याच्याभोवती उभे होते. इथे शरीर लागतं. टोनी थॉमसच्या किती जवळ उभा राहतो, इसोबेल कोणत्या क्षणी त्याच्यावरून नजर काढते, यावर सगळं आहे. ऐकून ते कळणार नाही. नेपथ्य मात्र इथेही नाहीसारखंच. ऑफिसचं टेबल ठेवलंत तर थॉमसला लपायला जागा मिळेल.

‘बुल’मधलं हसू वेगळ्या जातीचं आहे आणि ते जास्त धोकादायक आहे. टोनी आणि इसोबेल खरोखर मजेशीर आहेत, चटपटीत आहेत. थॉमस चिडका, किरकिरा, सतत स्वतःची बाजू मांडणारा. बार्टलेटने त्याला मुद्दाम फारसा लाघवी केलेला नाही. त्यामुळे प्रेक्षक टोनी-इसोबेलच्या बाजूने हसतो. नंतर कधीतरी त्याच्या लक्षात येतं की आपण रिंगणाभोवती उभे आहोत. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तुम्ही केलं किंवा पाहिलं असेल. तिथेही अभिरूप न्यायालयाचा खेळ आहे, मंडळी हसतखेळत आहेत, आणि हसता हसता बेणारे कोपऱ्यात सापडते. वकील सुखात्मे करणाऱ्या नटाला आपण सांगतो की तू खलनायक नाहीस, तुला हा खेळ मनापासून आवडतोय. टोनीला तेच सांगा. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. बेणारेला शेवटी आपलं म्हणणं मांडायला एक दीर्घ स्वगत मिळतं. थॉमसला ते मिळत नाही. शेवटचं मोठं बोलणं इसोबेलचं आहे आणि त्यात ती, दुबळ्यांनी गळून पडायलाच हवं, हे अत्यंत शांतपणे समजावते. त्या भाषणात आवेश आणलात तर ती वेडी वाटेल. तिने ते एखाद्या अवघड शिष्याला गणित समजावावं तसं बोलावं.

‘कॉन्ट्रॅक्शन्स’च्या जातीचा विनोद मोठ्या पटावर बघायचा असेल तर ‘किंग चार्ल्स द थर्ड’ वाचा. २०१४, अल्मेडा थिएटर, दिग्दर्शक रूपर्ट गूल्ड, चार्ल्सच्या भूमिकेत टिम पिगट-स्मिथ. राणीच्या निधनानंतर चार्ल्स राजा होतो आणि वृत्तपत्रांवर बंधनं आणणाऱ्या विधेयकावर सही करायला नकार देतो. सगळं नाटक शेक्सपिअरच्या ऐतिहासिक नाटकांच्या धर्तीवर यमक न जुळवणाऱ्या छंदात (ब्लँक व्हर्स) आहे. ब्रिटनमध्ये राजाची संमती ही निव्वळ औपचारिकता उरली आहे, ती शेवटची नाकारली गेली १७०८ साली, राणी ॲनच्या काळात. बार्टलेट विचारतो की राजाने ती औपचारिकता खरी मानली तर? व्यवस्थापिका करारातलं कलम शब्दशः खरं मानते, चार्ल्स राज्यघटनेतली सही शब्दशः खरी मानतो. एकात कंपनी जिंकते, दुसऱ्यात राजा हरतो, पण यंत्र तेच. चार्ल्सच्या पहिल्या नकारावर प्रेक्षक हसतात, आणि थोड्याच वेळात राजवाड्यासमोर रणगाडा उभा असतो.

आता तालमीचं सांगते, कारण तुम्हाला खरा उपयोग याचा आहे.

बार्टलेटच्या संहितांच्या सुरुवातीला विरामचिन्हांचा छोटा खुलासा असतो. तो वगळून पुढे जाऊ नका, तीच त्याची रंगसूचना आहे. वाक्याच्या मधे तिरकी रेघ आली की पुढच्या पात्राने तिथूनच बोलायला सुरुवात करायची. ही पद्धत नाटककार कॅरिल चर्चिलने ब्रिटिश रंगभूमीवर रूढ केली. आडवी रेघ म्हणजे पुढच्याने तोडलं. वाक्याअखेर तीन टिंबं म्हणजे बोलणं विरत गेलं. नुसती तीन टिंबं म्हणजे बोलायची इच्छा आहे, दडपण आहे, शब्द नाही. पात्राचं नाव आहे आणि पुढे कोरी जागा, तर ते पात्र ठरवून गप्प आहे. आणि दोन संवादांमधली मोकळी जागा म्हणजे तेवढ्या लांबीची शांतता. कागदावर दोन बोटं जागा सुटली असेल तर ती दोन बोटं वाजली पाहिजेत. बहुतेक मराठी टंकलिखित संहितांत ही जागा बचतीसाठी गाळली जाते. कृपा करून गाळू नका. कागद थोडे जास्त लागतील.

भाषांतरात इथे एक खरी अडचण येते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे अर्थ शेवटच्या शब्दापर्यंत लटकत राहतो. इंग्रजीत जिथे तिरकी रेघ आहे तिथेच मराठीत ठेवली तर दुसऱ्या पात्राने अजून कशाला उत्तर द्यायचं तेच कळलेलं नसतं. त्यामुळे कापाकापी यांत्रिक वाटते. रेघ त्याच शब्दाशी ठेवायचा हट्ट सोडा. समोरच्याला अर्थ कळतो तो क्षण शोधा आणि रेघ तिथे न्या. काही ठिकाणी वाक्य उलटं फिरवावं लागेल, ‘मी सांगितलं होतं त्यांना की...’ अशा बोलीतल्या रचना वापराव्या लागतील. आपण रोजच्या बोलण्यात तसं बोलतोच.

व्यवस्थापिकेच्या तोंडी शेवटपर्यंत ‘तुम्ही’ ठेवा. मूल दगावल्यानंतरच्या भेटीत भाषांतरकाराला ‘अगं’ किंवा ‘तू’ वर यावंसं वाटेल. ती आपुलकी या बाईपाशी नाही. इंग्रजी शब्द ऑफिसात जसे बोलतात तसे येऊ द्या: पॉलिसी, रिलेशनशिप, डिक्लेअर करणं, रिव्ह्यू. शुद्ध मराठी प्रतिशब्द योजलेत तर हे सरकारी कार्यालय वाटेल, आणि सरकारी कार्यालयाचा विनोद आपल्याकडे वेगळा आहे, त्याला वेगळं हसतात.

गाव बदलावं का, एमाची ईशा आणि डॅरनचा धीरज करून हिंजवडीला न्यावं का? माझं मत नाही असं. बार्टलेटने खोलीबाहेरचं जग जवळजवळ कोरं ठेवलं आहे. तुम्ही ते हिंजवडी केलंत की प्रेक्षक बारीकसारीक हिशेब करू लागेल: प्रसूतीच्या रजेचा कायदा काय, युनियन कुठे आहे, घरचे काय करतायत. नावं तीच ठेवा, मराठी स्वच्छ ठेवा, खोली कुठलीही असू द्या. कीव्ह हा मात्र नाजूक शब्द झाला आहे. २००८ मध्ये त्याचा अर्थ फक्त दूर, थंड, परकं असा होता. फेब्रुवारी २०२२ नंतर तो उच्चारला की युद्ध आठवतं. तरी शहर बदलू नका. तो शब्द सपाट, कोणताही भार न देता उच्चारा. प्रेक्षकाच्या मनात युद्ध आलं तर येऊ द्या, नटीच्या आवाजात ते नको.

पहिले काही दिवस नटींना एकमेकींकडे पाठ करून बसवा आणि संहिता वाचून घ्या. बघणं बंद झालं की ऐकणं सुरू होतं. समोरचीने श्वास कधी घेतला, कोणत्या शब्दावर ती किंचित अडली, हे कानाला कळू लागतं. ‘कॉन्ट्रॅक्शन्स’ची हालचाल यातूनच ठरवा, आधी ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कुठे जाणार) आणि मग संवाद असं करू नका. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा पेला. यापलीकडे काही लागलं तर त्याची गरज तुमच्या दिग्दर्शकाने सिद्ध करावी.

श्राव्य रूप करणार असाल तर तीन गोष्टी सांगते. खोलीचा नाद सगळ्या भेटींत एकच ठेवा, जागा बदलल्याचा भास होता कामा नये. दोन भेटींच्या मधे संगीताचा तुकडा घालू नका, शांतता घाला आणि ती प्रत्येक वेळी थोडी वाढवत न्या. आणि व्यवस्थापिकेला मायक्रोफोनच्या अगदी जवळ बसवा, एमाला हातभर लांब. ऐकणाऱ्याच्या कानात मग कंपनी जवळची आणि एमा दूरची होत जाते. दार, कॉफीचं यंत्र, कीबोर्ड, बाहेरची वाहतूक हे सगळं ध्वनिमुद्रणाला बसलं की हात शिवशिवतात. घालू नका. मुलाच्या प्रसंगात तर ठेवण्याचा, उघडण्याचा, कसलाच आवाज नको.

रेडिओवर जन्मलेलं नाटक आवाजावाचून उभं राहू शकतं का, याची एक फार मोलाची परीक्षा लंडनमध्ये झाली आहे. डेफिनिटली थिएटर ही कर्णबधिर कलाकारांनी चालवलेली संस्था आहे. तिने २०१७ साली पॉला गारफील्डच्या दिग्दर्शनात ‘कॉन्ट्रॅक्शन्स’ ब्रिटिश सांकेतिक भाषा आणि बोलली जाणारी इंग्रजी अशा दोन्हींत केलं, तेही नाट्यगृह सोडून एका ऑफिस इमारतीतल्या जागेत. मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं. संवाद कोणत्या भाषेत चालायचा हे ज्याच्या हातात आहे तोच सत्ताधारी, ही या नाटकाची मूळ गोष्ट तिथे थेट उघडी पडते. याच्या उलट दिशेने ‘नॉट टॉकिंग’ गेलं. चौघांची वेगवेगळी बोलणी एकत्र गुंफलेलं ते रेडिओनाटक आहे: एक वृद्ध जोडपं, ज्यातल्या पतीने युद्धात लढायला नकार दिला होता, आणि दोन तरुण सैनिक. ते मंचावर यायला २०१८ उजाडलं, लंडनच्या अर्कोला थिएटरमध्ये, किका मार्कम आणि डेव्हिड होरोव्हिच यांच्यासह. त्यात विनोद कमी आहे, पण न बोलण्याने माणसं कशी जायबंदी होतात हे त्याच्याइतकं थेट बार्टलेटने पुन्हा क्वचितच लिहिलं. वेळ मिळाला तर वाचन तरी करा.

परवानगीचं आधी बघा. भाषांतराचा हक्क आणि प्रयोगाचा हक्क वेगवेगळे असतात आणि दोन्ही लेखकाच्या प्रतिनिधीकडून किंवा प्रकाशकामार्फत लेखी घ्यावे लागतात. श्राव्य ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवणार असाल तर त्याची परवानगी निराळी. ती मागताना नेमकं काय करणार ते स्पष्ट लिहा. सार्वजनिक प्रयोगासाठी आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मराठी संहिता वेळेत पूर्ण हवी.

दोन्ही नाटकं एकाच संध्याकाळी करायची झाली तर ‘बुल’ आधी ठेवा. त्यात धग आहे, वेग आहे, प्रेक्षक उघडपणे हसतो आणि उघडपणे दचकतो. ‘कॉन्ट्रॅक्शन्स’ आधी झालं तर त्यानंतर ‘बुल’मधली शेरेबाजी कोणालाच हसवणार नाही, आणि हसू नसेल तर टोनी-इसोबेलच्या हातात काहीच उरत नाही. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असू द्या, आणि त्या वेळात रिंगण काढून टेबल लावताना पडदा पाडू नका. लोकांना बघू द्या.